अक्कलदाढ: काढावी की राखावी?

भाचीचा अमेरिकेचा व्हिसा झाला, तिकीट निघालं, मेतकूट आणि भाजणीची पाकिटं बॅगेशेजारी मांडून झाली. मग ताईच्या एका मैत्रिणीने फोनवर सल्ला दिला, ‘जायच्या आधी तिच्या चारही अक्कलदाढा काढून टाक बाई. तिकडे दाताचं दुखणं म्हणजे दिवाळं.’ भाची २२ वर्षांची. तिचं काहीच दुखत नव्हतं. ती वैतागून म्हणाली, ‘मावशी, जे दुखतच नाही ते काढायचं कशाला?’

आमची आई तिथेच मेथी निवडत बसली होती. तिचं वय ७२. ‘माझ्या खालच्या दोन अजून हाडातच आहेत,’ ती म्हणाली. ‘आल्या नाहीत आणि कधी बोलल्याही नाहीत.’ मी गप्प होते. माझी जीभ सवयीने उजवीकडच्या मोकळ्या जागेवर गेली होती. तिथे एक नाही, दोन दाढा नाहीत.

तिशीत माझी उजवीकडची खालची अक्कलदाढ अर्धीच वर आली होती, पुढच्या दाढेवर रेलून. डॉक्टरांनी विचारलं, ‘दुखते का?’ मी नाही म्हटलं. ‘मग राहू दे.’ पुढची पाच वर्षं मी ती राहू दिली, म्हणजे चक्क विसरून गेले. एका रात्री कानापर्यंत ठणका लागला तेव्हा एक्स-रे काढला. अक्कलदाढ धडधाकट होती. ती जिच्यावर रेलली होती ती पुढची, रोजच्या चावण्याची चांगली दाढ मात्र मागच्या बाजूने हिरडीखाली इतकी किडली होती की भरायलाही काही उरलं नव्हतं. दोन्ही काढाव्या लागल्या.

‘दुखत नाही ना, मग राहू दे.’ एकच सल्ला आईला फळला आणि मला भोवला. असं का झालं, हे कळलं की तुमच्या स्वतःच्या दाढेचा निर्णय बराच सोपा होतो.

ही दाढ अडते कुठे?

कायमची पहिली दाढ साधारण सहाव्या वर्षी येते, दुसरी बाराव्या वर्षी आणि तिसरी, म्हणजे अक्कलदाढ, १७ ते २५ च्या दरम्यान. तोवर जबड्याची वाढ संपत आलेली असते. भरलेल्या एसटीत शेवटी चढणाऱ्यासारखी तिची गत होते. एखादीला सरळ उभं राहायला जागा मिळते, एखादी शेजारच्यावर रेलते, एखादी दारातच अडकते. सगळ्यांना चारही असतात असंही नाही. जवळपास पाचांतल्या एका माणसात निदान एक अक्कलदाढ घडतच नाही.

जॉर्ज विंटर या अमेरिकी दंतवैद्याने १९२६ साली खालच्या अडकलेल्या दाढांची त्यांच्या कलानुसार विभागणी केली. ती आजही चालते: सरळ उभी, पुढे कललेली, आडवी आणि मागे कललेली. तुमच्या रिपोर्टवर ‘मेझिओअँग्युलर’ असं लिहिलं असेल तर दाढ पुढच्या दाढेकडे कललेली आहे. खालच्या जबड्यात हा प्रकार सर्वांत जास्त दिसतो. माझी तीच होती.

कलाइतकंच महत्त्वाचं म्हणजे दाढ हिरडीबाहेर किती आली आहे. पूर्ण वर आलेली, सरळ आणि समोरच्या जबड्यातल्या दाढेशी नीट मिळणारी अक्कलदाढ इतर दाढांसारखीच कामाची असते. आईच्या दाढांसारखी हाडात पूर्ण बंद असेल तर तिच्यापर्यंत अन्न आणि तोंडातले जंतू सहसा पोचत नाहीत. त्रासाची खरी मालकीण अर्धी आत, अर्धी बाहेर असलेली दाढ. तिच्यावर हिरडीचं एक झाकण राहतं, त्याखाली भाताची शितं आणि पोह्यांचे कण जाऊन बसतात, आणि ब्रश तिथे शिरत नाही.

दोन प्रश्न वेगळे ठेवा

बहुतेक घरांत चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरते: दुखतं का? जबड्याचे शल्यचिकित्सक दोन प्रश्न विचारतात. त्रास होतो आहे का, आणि आजार आहे का? पहिल्याचं उत्तर तुम्ही देता. दुसऱ्याचं उत्तर तपासणी आणि एक्स-रे देतात. दोन्ही मिळून चार शक्यता होतात.

त्रास आहे आणि आजारही आहे. इथे फारसा वाद नसतो. उपचार लागतो आणि बहुधा तो दाढ काढण्याचाच असतो.

त्रास नाही, पण आजार आहे. ही जागा सर्वांत फसवी. दोन दाढांमधली कीड, हिरडीत झालेली खोल पोकळी, हाडातली पाण्याची पिशवी, हे सगळं बराच काळ मुकाट वाढत राहतं. ‘दुखेल तेव्हा बघू’ हा बेत इथे फसतो.

त्रास आहे, पण दाढेत आजार नाही. विशीत दाढ वर येताना काही दिवस हिरडी ठणकणं स्वाभाविक आहे. रात्री दात आवळण्याच्या सवयीने जबड्याचा सांधा दुखतो. सर्दीने सायनस भरला की वरच्या दाढा जड होतात. अशा वेळी दाढ काढली तरी दुखणं जागच्या जागी राहतं, म्हणून आधी दुखण्याचं मूळ शोधायला हवं.

त्रास नाही आणि आजारही नाही. ही दाढ राखायची. आपल्या भाषेत राखणं म्हणजे ठेवणं आणि राखण करणंही. इथे दोन्ही अर्थ लागू आहेत.

काढणंच शहाणपणाचं, ते केव्हा?

ब्रिटनमध्ये ‘नाइस’ ही सरकारी संस्था उपचारांबाबत मार्गदर्शन करते. तिने २००० साली सांगितलं की आजार नसलेल्या, अडकलेल्या अक्कलदाढा सरसकट काढण्याची पद्धत थांबवा. त्याच वेळी काढण्याची रास्त कारणंही तिने नोंदवली. ती आणि इतर देशांतले डॉक्टर मानतात ती कारणं अशी:

• दाढ इतकी किडली आहे की भरून किंवा रूट कॅनॉलने वाचत नाही, किंवा वाचवूनही उपयोग नाही.

• ती टेकल्यामुळे पुढची दाढ किडू लागली आहे, झिजते आहे, किंवा दोघींमधलं हाड कमी होत आहे.

• दाढेभोवती गाठ किंवा पाण्याची पिशवी तयार झाली आहे. असं क्वचितच होतं, पण झालं तर थांबून चालत नाही.

• हिरडीत किंवा जबड्यात पू झाला आहे.

• हिरडीच्या झाकणाखालची सूज पुन्हा पुन्हा येते.

या शेवटच्या कारणासाठी सर्वाधिक लोक दवाखान्यात येतात. मागची हिरडी सुजते, तोंडाला वास येतो, घास गिळताना कळ येते, तोंड उघडेनासं होतं. परीक्षेच्या दिवसांत, जागरणात किंवा सर्दी-तापानंतर हे हमखास उफाळतं. पहिल्यांदा झालं आणि फार तीव्र नसेल तर डॉक्टर ती जागा धुऊन देतात, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगतात. वरची दाढ त्या सुजेला लागत असेल तर ती घासतात किंवा काढतात. अँटिबायोटिक प्रत्येकाला लागत नाही. ताप, पसरणारी सूज किंवा तोंड न उघडणं असेल तरच त्याची गरज पडते. दुसऱ्यांदा झालं की काढण्याचा विचार सुरू करावा. तिसऱ्या वेळी औषधाच्या दुकानातून त्याच गोळ्या परस्पर आणून दिवस ढकलणं ही मोठी चूक. गोळीने सूज उतरते, झाकण तसंच राहतं.

एक इशारा ठळक अक्षरांत: जिभेखाली किंवा हनुवटीखाली सूज पसरली, गिळता येईना, लाळ गळू लागली, आवाज बदलला किंवा श्वासाला जड वाटू लागलं, तर सकाळची वाट पाहू नका. रात्री असाल तर रात्रीच मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. दाढेचा संसर्ग गळ्यात उतरला तर श्वासनलिकेवर दाब येऊन जीव जाऊ शकतो.

ही कारणं पुरेशी नाहीत

‘अक्कलदाढ ढकलते म्हणून पुढचे दात वाकडे होतात.’ हे इतक्या ठिकाणी ऐकायला मिळतं की खरंच वाटावं. पण खालचे पुढचे दात वयानुसार जवळ येतात, आणि ज्यांना अक्कलदाढा कधी आल्याच नाहीत त्यांचेही येतात. तारा लावून झाल्यावर दात पुन्हा गर्दी करू नयेत एवढ्याचसाठी अक्कलदाढ काढण्याला आधार मिळालेला नाही. वाकडे दात सरळ करण्याच्या उपचारात जागेसाठी ती अडत असेल, तर मात्र ऑर्थोडॉन्टिस्टचं कारण वेगळं असू शकतं. ते स्पष्ट विचारून घ्या.

‘एक काढतोच आहोत, तर चारही काढू.’ प्रत्येक दाढेचा निर्णय वेगळा असतो. वरच्या दाढा सहसा सोप्या निघतात, म्हणून खालचीबरोबर वरची काढणं कधी योग्यही ठरतं. खालची गेली की वरच्या दाढेला जोडीदार उरत नाही, ती हळूहळू खाली उतरते आणि खालच्या हिरडीला लागते. हे कारण झालं. ‘एकदाचं होऊन जाईल’ हे कारण नाही.

‘पुढे त्रास होईल.’ हा खरा वादाचा मुद्दा. वैद्यकीय पुरावे एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन गटाने २०२० साली आढावा घेतला. त्रास आणि आजार दोन्ही नसलेल्या, अडकलेल्या दाढा काढाव्यात की ठेवाव्यात, याचं ठाम उत्तर देण्याइतका पुरावा नाही, असं त्यांना आढळलं. ठेवणाऱ्याने ठरावीक काळाने तपासणी करावी, ही त्यांची शिफारस. अमेरिकेत शल्यचिकित्सकांची संघटना विशीतच काढण्याकडे झुकते, तर तिथल्याच सार्वजनिक आरोग्य संघटनेने २००८ साली अशा सरसकट काढण्याला विरोध करणारा ठराव केला. एका देशातच असे दोन सूर आहेत.

ब्रिटनची पुढची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. २००० नंतर दाढा काढण्याचं प्रमाण आधी घटलं. पण पुढच्या दहा वर्षांत तिथे दाढ काढून घेणाऱ्यांचं सरासरी वय पंचविशीवरून तिशीपलीकडे गेलं आणि किडीमुळे काढाव्या लागणाऱ्या दाढा वाढल्या. पुढे कललेल्या, अर्धवट आलेल्या दाढांनी शेजारणीला किडवल्याच्या तक्रारीही आल्या. सरसकट काढणं जितकं चूक, तितकंच सरसकट ठेवून विसरणंही चूक, हे त्या देशाला दोन्ही बाजूंनी अनुभवावं लागलं. मी ते एका जबड्यात अनुभवलं.

एक्स-रे हातात आल्यावर

अक्कलदाढेसाठी ओपीजी नावाचा मोठा एक्स-रे काढतात. मशीन चेहऱ्याभोवती फिरतं आणि दोन्ही जबडे एका पट्टीवर दिसतात. तो पाहताना डॉक्टरांना चार गोष्टी बोटाने दाखवायला सांगा: दाढेचा कल कुठे आहे, पुढच्या दाढेला ती कुठे टेकली आहे, मुळं कशी आहेत, आणि खालच्या जबड्यातली नस त्या मुळांपासून किती लांब आहे.

ही नस हाडातल्या एका बोगद्यातून जाते आणि खालच्या ओठाला व हनुवटीला संवेदना देते. दाढ काढताना ती दुखावली तर ओठ बधिर राहतो. ओठ हलतो, पण चहा सांडला तरी कळत नाही. जिभेच्या बाजूने दुसरी नस जाते, ती दुखावली तर जिभेची अर्धी बाजू आणि तिथली चव मंदावते. खालची दाढ काढल्यावर असा तात्पुरता बधिरपणा शंभरांत मोजक्यांना येतो आणि आठवड्यांत किंवा काही महिन्यांत ओसरतो. कायमचा राहण्याचं प्रमाण शंभरांत एकापेक्षा कमी आहे. पण ही सरासरी झाली. मूळ नसेला चिकटलं असेल तर धोका वाढतो.

एक्स-रेवर बोगद्याची पांढरी रेघ मुळापाशी तुटलेली दिसली, बोगदा वळलेला किंवा अरुंद दिसला, किंवा मुळावर काळी सावली दिसली, तर डॉक्टर सावध होतात आणि सीबीसीटी नावाचा त्रिमितीय स्कॅन सांगतात. प्रत्येकाला तो लागत नाही. नस खरंच चिकटलेली असेल तर आणखी एक वाट आहे: दाढेचा वरचा भाग कापून काढायचा आणि निरोगी मुळं जागेवर ठेवायची. याला कोरोनेक्टॉमी म्हणतात. ‘माझ्या बाबतीत ते चालेल का?’ हे नक्की विचारा.

वरच्या दाढांचा शेजार वेगळा. त्यांची मुळं सायनसच्या तळाशी असतात. क्वचित काढताना तिथे छिद्र पडतं, आणि मग काही दिवस जोराने नाक शिंकरायला मनाई असते. ‘वरची दाढ काढली की नजर कमी होते’ हा समज मात्र निखालस खोटा आहे. डोळ्याची नस वेगळी, तिचा या दाढेशी संबंध नाही.

वयाचा हिशेब

विशीच्या आसपास अक्कलदाढेची मुळं पूर्ण झालेली नसतात आणि हाडही लवचीक असतं. काढणं सोपं जातं, जखम लवकर भरते. पुढे मुळं लांब होतात, कधी आकड्यासारखी वळतात, हाड घट्ट होतं. साठीत हेच काम जास्त वेळ घेतं आणि जास्त दुखतं.

याचा अर्थ विशीत सगळ्यांनी काढून घ्याव्यात असा नाही. काढण्याची पाळी येणार हे दिसतच असेल तर उगाच पुढे ढकलू नये, एवढाच. आणि साठी उलटल्यावर हाडात शांत असलेली दाढ मुद्दाम खणून काढायला सहसा कुणी सांगत नाही. त्या वयात कवळी बसवताना मात्र एक एक्स-रे हवा. कवळीच्या दाबाने वरचं हाड झिजतं आणि लपलेली दाढ उघडी पडू शकते.

एक उलटी बाजूही आहे. पुढची दाढ आधीच काढली असेल तर अक्कलदाढ सोन्याची. ब्रिज किंवा काढघालीची दातपट्टी तिच्या आधाराने बसवता येते. काही तरुणांत ती उपटून पुढच्या रिकाम्या जागी लावतातही.

यांनी आधी सांगावं

*मधुमेह:* साखर आटोक्यात नसेल तर जखम भरत नाही आणि संसर्ग पसरतो. ताजा रिपोर्ट न्या.

*रक्त पातळ करणारी गोळी:* अँजिओप्लास्टी झालेल्यांनी ती मनाने बंद करू नये. दाढेपेक्षा हृदयाचा धोका मोठा. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलू द्या.

*मूल हवं असणाऱ्या स्त्रिया:* गरोदरपणात हिरड्या लवकर सुजतात. कुरकुर करणारी दाढ आधीच निकाली काढणं बरं. दिवस गेले असतील आणि उपचार टाळता येत नसेल तर चौथा ते सहावा महिना त्यातल्या त्यात सोयीचा.

*हाडांच्या ठिसूळपणासाठी किंवा कर्करोगासाठी झोलेड्रॉनिक अॅसिड, डेनोसुमॅब अशी इंजेक्शनं:* ती घेतल्यावर दात काढला तर जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो. सुरू करण्याआधी दात तपासून घ्या. तोंडाच्या किंवा गळ्याच्या कर्करोगावर किरणोपचार ठरले असतील तर शंकास्पद दाढा त्याआधीच काढतात, म्हणजे जखम भरायला निदान दोन आठवडे मिळतात.

*सुपारी, गुटखा, मावा:* महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण गालांतून तो गेलेला नाही. सुपारीने गालाची आतली बाजू दोरीसारखी ताठरते आणि तोंड उघडणं कमी होत जातं. स्वतःची तीन बोटं एकावर एक अशी उभी धरून तोंडात जातात का ते पाहा. जात नसतील तर अक्कलदाढेच्या आधी या आजारासाठी डॉक्टरांना भेटा. वरची अक्कलदाढ गालाकडे कलून गाल चावत असेल आणि तिथली जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, तर ती लगेच दाखवा. तंबाखू खाणाऱ्यांनी तर एक दिवसही घालवू नये.

कुणाकडे जायचं आणि काय विचारायचं

सरळ उभी दाढ नेहमीचे दातांचे डॉक्टर काढू शकतात. हाडात अडकलेल्या, आडव्या किंवा नसेजवळच्या दाढेसाठी मुख व जबडा शल्यचिकित्सेत एम.डी.एस. केलेल्या तज्ज्ञाकडे जावं. अनेक छोट्या दवाखान्यांत असे तज्ज्ञ ठरावीक दिवशी येतात. खर्चाची चणचण असेल तर मुंबईतलं शासकीय दंत महाविद्यालय आणि महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय, इथे स्वतंत्र शल्यविभाग आहेत. खेपा घालाव्या लागतात आणि रांग असते, पण अवघड दाढांची तिथे रोजची सवय असते.

खुर्चीवर बसण्याआधी कागदावर लिहून नेलेले हे प्रश्न विचारा:

१. या दाढेत आज आजार काय आहे? एक्स-रेवर दाखवा.
२. नाही काढली तर पुढच्या काही वर्षांत काय होण्याची शक्यता आहे?
३. काढली तर माझ्या एक्स-रेनुसार नसेला धोका किती?
४. फक्त ती जागा बधिर करून काढणार, की पूर्ण भूल देणार?
५. एकूण खर्च किती, आणि त्यात टाके काढणं व नंतरच्या खेपा धरल्या आहेत का?
६. रात्री रक्त थांबलं नाही तर फोन कुणाला करायचा?

पहिल्या प्रश्नाला ‘काही नाही, पण काढून टाकू’ असं उत्तर मिळालं तर एक्स-रे मागून घ्या आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. एक्स-रे तुमचा आहे, तो मागायला संकोच कसला? आरोग्यविम्याचे कागदही आधी वाचा. अपघाताखेरीज दातांचे उपचार अनेक पॉलिसींत धरत नाहीत.

काढायची ठरलीच तर

नुसती जागा बधिर करून काढणार असतील तर पोटभर जेवून जा. पूर्ण भूल असेल तर किती तास उपाशी राहायचं ते डॉक्टर सांगतील. काढताना दुखत नाही, दाब आणि करकर मात्र जाणवते. ती हाडाची करकर कानाजवळ ऐकू येते म्हणून माणूस घाबरतो. आधीच माहीत असलं की भीती निम्मी होते.

नंतर तोंडात दिलेला कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरा. पहिले २४ तास थुंकू नका, चुळा भरू नका, स्ट्रॉने काही पिऊ नका. खड्ड्यात धरलेली रक्ताची गुठळी हीच तिथली मलमपट्टी असते. ती सुटली की हाड उघडं पडतं. पहिल्या दिवशी गालावर बाहेरून फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ धरा. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच चुळा भरा. खळखळून नको, पाणी तोंडात घ्या आणि मान कलवून सोडून द्या. गार करून पेज, ताकभात, केळं, मऊ खिचडी चालते. शेव, पापड, शेंगदाण्याचा कूट आठवडाभर दूर ठेवा. विडी, सिगारेट आणि तंबाखूला पूर्ण रजा.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसते, मग उतरते. म्हणून तिसऱ्या दिवशी आरशात पाहून घाबरू नका. उलट, दुखणं कमी होत आलेलं असताना तिसऱ्या ते पाचव्या दिवशी अचानक कानापर्यंत ठणका लागला आणि तोंडाला वास आला, तर गुठळी सुटली आहे असं समजा. डॉक्टर खड्डा धुऊन औषधाची पट्टी ठेवतात, बरेचदा लगेच आराम पडतो. घरी लवंगतेलाचा बोळा त्या उघड्या जखमेत कोंबू नका, हिरडी भाजते. वेदनाशामक कोणतं घ्यायचं ते आधीच ठरवून घ्या. मूत्रपिंडाचा त्रास, अल्सर किंवा दमा असेल तर आयब्युप्रोफेनसारखी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बोळा अर्धा तास दाबूनही रक्त वाहतच असेल, ताप चढत असेल किंवा ओठाचा बधिरपणा दुसऱ्या दिवशीही तसाच असेल, तर फोन करा.

राखायची ठरली तर

ज्यांनी कौलारू घरात दिवस काढले आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. घर पाडायचं नाही, तर दर पावसाळ्याआधी ते शाकारावं लागतं. राखलेल्या दाढेचंही तसंच आहे. वर्षातून एकदा डॉक्टरांना मागची जागा मुद्दाम दाखवा. नुसतं ‘तपासा’ म्हटलं तर पुढचे दात पाहून होतात. एक्स-रे दरवर्षी लागत नाही. डॉक्टर सांगतील तसा, बरेचदा दोनेक वर्षांनी, काढा आणि जुना शेजारी ठेवून पाहा.

घासताना तोंड पूर्ण आ वासू नका. अर्धवट उघडलं की गाल सैल पडतो आणि ब्रश मागे पोचतो. छोट्या डोक्याचा, एकाच झुबक्याचा ब्रश मिळतो, तो अक्कलदाढ आणि तिच्या पुढची दाढ यांच्या फटीसाठी उत्तम. त्या फटीत रोज अन्न अडकत असेल, ओवलेला दोरा कुबट वासाचा निघत असेल, तर दुखायची वाट पाहू नका. माझ्या तोंडात पाच वर्षं तोच वास होता. मी बडीशेप खात राहिले.

भाचीला आम्ही ओपीजी काढायला नेलं. तिच्या वरच्या दोन्ही सरळ आलेल्या. खालची उजवी हाडात खोल, आजीसारखी. खालची डावी अर्धी बाहेर, पुढे कललेली. डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा कळलं की शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत तिची हिरडी दोनदा सुजली होती. ‘उष्णतेने तोंड आलं’ म्हणून तिने कुणाला सांगितलंच नव्हतं. पुढच्या दाढेला अजून कीड लागलेली नव्हती. तिची तेवढी एक दाढ जूनमध्ये काढली, विमानाच्या आठ आठवडे आधी. बॅगा भरताना शेवटच्या आठवड्यात हे करू नये. टाके, सूज आणि एखादी नंतरची खेप यांना सवड हवी.

उरलेल्या तिघींचं काय, असं तिने विचारलं तेव्हा डॉक्टरांनी ओपीजीची प्रत तिच्या मोबाइलवर पाठवली. ‘दर सुट्टीत आलीस की हा फोटो आणि तू, दोघं या. डावीकडची वरची आता एकटी आहे, ती खाली उतरते का ते बघायचंय.’ या डिसेंबरात ती तीन आठवड्यांसाठी आली. आल्या आल्या पुरणपोळी मागितली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच दवाखान्यात फोन लावला. तिघी जागेवर आहेत.